काळीत घर

आमच्या हट्ट्याकडे घर बांधायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. भटजी मुहूर्त काढून देतात. वास्तूवाले नकाशा उलटासुलटा फिरवून स्वयंपाकघर आग्नेयेला ढकलतात आणि संडास कुठंच बसत नाही असं गंभीर चेहऱ्यानं सांगतात. मेहुणा पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून त्याला घरांबद्दल सगळं ठाऊक असतं. तो व्हिडिओ कॉलवरून खिडक्या वाढवतो. बँक कागद पाहते, ग्रामपंचायत घरपट्टीची बाकी पाहते, भावकी हद्दीची खूण पुन्हा एकदा मोजून घेते. एवढ्या सगळ्यांचं समाधान झालं की नारळ फुटतो आणि कुदळ पडते. जिच्या अंगावर हे ओझं पुढची पन्नास वर्षं राहायचं, त्या मातीला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. मुलीला न विचारता लग्न ठरवायचे दिवस गेले म्हणतात. मातीच्या बाबतीत ते अजून चालू आहेत.

हट्टा हे वसमत तालुक्यातलं, परभणी-वसमत रस्त्यावरचं गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमचा जिल्हा बदलला, पाट्या बदलल्या, साहेब लोकांच्या गाड्यांची दिशा बदलली. माती तीच राहिली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्याचा काळा पाषाण झाला, पाषाण झिजून मुरूम झाला आणि मुरूम झिजून ही काळी झाली. इतक्या सावकाश घडलेल्या वस्तूशी आपण पंधरा दिवसांत प्लिंथ काढायच्या घाईनं वागतो, हेच मुळात धाडस आहे.

बरं, एका शिवारात माती तरी एकच असते का? नाही. माळाकडे बरड, त्याखाली मुरमाड, मग मध्यम, ओढ्याकडे उतरत गेलं की भारी. मधेच कुठंतरी चुनखडीचा पट्टा. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं आलं, त्यानंतर जिथं निचरा नव्हता तिथं काही रानं चिबड झाली, काही चोपण. शेतकऱ्याला हे पायाला कळतं. बैल कुठं ओढीला लागतो, ट्रॅक्टर कुठं रुततो, वाफसा कुठं आधी येतो, सगळं त्याच्या डोक्यात नकाशासारखं पक्कं बसलेलं असतं. सोयाबीन पेरताना तो चार वेळा मातीची मूठ करून पाहील. पण तोच माणूस त्याच रानात घर काढायला निघाला की माती विसरतो आणि फरशीचा रंग निवडायला लागतो.

जुनी माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. त्यांनी गावाचे सरळ दोन भाग केले होते: काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. मराठवाड्यातलं जुनं गावठाण बहुधा उंचवट्यावर असतं आणि तिथली माती पांढरट, राखाडी, भुसभुशीत असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, पडलेल्या भिंती, चुना यांनी ती तशी झालेली असते. तिच्या भिंती उभ्या राहतात, गढ्या उभ्या राहतात आणि माळवदावर तिचा थर दिला तर पाऊसही बराच अडतो. ती फुगत नाही, रुसत नाही. काळी माती कसदार आहे हे त्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. कसदार होती म्हणूनच तिच्यावर बसायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

आता पांढरीत जागा उरली नाही. म्हणून रस्त्याच्या कडेची काळी रानं प्लॉट पडून विकली जातात. कालपर्यंत जिथं कापूस होता तिथं आज चुन्याच्या रेघा, दगडी खुणा आणि 'मोक्याचे प्लॉट' असा फलक. मोका कशाचा, हे पहिल्या पावसाळ्यात कळतं.

काळ्या मातीचं मर्म तिच्या चिकणमातीत आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज तिच्यात भरपूर असतं. त्याचे पदर इतके पातळ आणि एकमेकांना इतके सैल धरलेले, की पाणी थेट पदरांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आक्रसते. वैशाखात हट्ट्याच्या कुठल्याही भारी रानात उभं राहून पाहा. भेगा अशा पडलेल्या असतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पोरांचा चेंडू त्यात गेला तर तो मृगाशिवाय वर येत नाही आणि सायकलची किल्ली गेली तर ती तिथलीच झाली. वरची माती भेगांत पडते, पावसात भेगा मिटतात, खालची माती वर ढकलली जाते. म्हणजे ही जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते. पिकाला हे फार मानवतं. घराला नाही, कारण घराला जागच्या जागी राहण्याची जुनी सवय असते.

आता घराखाली काय होतं ते पाहा. घराच्या मध्यभागी ऊन लागत नाही, तिथली ओल टिकते. कडेची माती उन्हाळ्यात वाळून आक्रसते, पावसाळ्यात फुगते. न्हाणीघराचं पाणी एका कोपऱ्यात मुरत असेल तर तो कोपरा बारा महिने वर उचललेला. दुसऱ्या कोपऱ्याला हौसेनं लावलेला लिंब असेल तर तो मुळांनी ओल ओढतो आणि तो कोपरा खाली बसतो. सगळं घर एकदम वर गेलं आणि एकदम खाली आलं तर कुणाची तक्रार नव्हती. आपल्याकडे घरातली माणसंसुद्धा एकदम उठत-बसत नाहीत, मग कोपरे कसे उठतील? भेग पडते ती खिडकीच्या कोनातून निघते आणि तिरकी वर चढत जाते. पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते, उन्हाळ्यात पुन्हा तोंड उघडते.

भेग दिसली की पंचनामा सुरू होतो. पहिला संशय मिस्तरीवर. "सिमेंट खाल्लं त्यानं." दुसरा संशय शेजाऱ्याच्या बोअरवर. तिसरा भूकंपावर, आणि या तिसऱ्या संशयाला आमच्या भागात बळ आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, याची बातमी वर्षानुवर्षं छापून येते. २०२४ मध्ये तर मार्चात आणि जुलैत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि लोक अंगणात येऊन उभे राहिले. त्यामुळे भूकंपाला नाही म्हणता येत नाही. पण जी भेग दर उन्हाळ्यात रुंदावते आणि दर श्रावणात आवळते, तिचा गुन्हेगार भूकंप कसा असेल? भूकंप इतका वक्तशीर नसतो. संशयितांच्या यादीत मातीचं नाव शेवटी येतं, ते पण कुणी म्हाताऱ्यानं काढलं तर.

असे एक म्हातारे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांनी उभ्या आयुष्यात विहिरी खोदल्या, सुरुंग लावले, ताशीव दगडांनी विहिरी बांधून दिल्या. नव्या घराच्या भेगेपुढे त्यांना उभं केलं की ते भिंतीकडे बघतच नाहीत. खाली बसतात, चपलेच्या टोकानं माती उकरतात आणि विचारतात, "मुरूम किती खाली लागला?" मालक म्हणतो, "लागलाच नाही. चार फुटावर थांबलो." म्हातारा उठतो. "मग घर कामून थांबंल?" एवढं बोलून ते चहाला बसतात. त्यांची फी चहाच.

आता माती फुगणारी आहे की नाही हे ओळखायची एक साधी, शास्त्रमान्य परीक्षा आहे. भारतीय मानकांतही ती आहे. वाळवून बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची आणि दोन मापपात्रांत टाकायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा जाऊ द्यायची आणि २४ तास तसंच ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींतल्या मातीच्या उंचीतला फरक पाहायचा. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीच्या आत असली तर निभावतं; त्याच्या पुढे गेली तर सावध व्हायचं; दुप्पट-तिप्पट भरली तर इंजिनियरला बोलवायचं आणि मेहुण्याचा फोन घ्यायचा नाही. घरी काचेच्या दोन सारख्या ग्लासांत हा खेळ करून पाहता येतो. प्रयोगशाळेचं काम त्यानं भागत नाही, पण घरातल्यांचे डोळे उघडतात. अडचण एकच: रेशनचं रॉकेल आता मिळत नाही. मातीला विचारायची वेळ आली तेव्हा दुभाषा संपावर गेला.

वास्तुशास्त्राची मी थट्टा केली खरी, पण न्याय दोन्हीकडून व्हायला हवा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त घर बांधण्याआधी जमीन तपासायच्या रीती दिल्या आहेत. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती त्यातच परत भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. किंवा खड्डा पाण्यानं भरून शंभर पावलं चालून यायचं. पाणी कमी झालं नसेल तर जमीन चांगली. आजच्या वास्तूवाल्यांनी त्यातलं आग्नेय-नैऋत्य तेवढं उचललं आणि खड्डा सोडून दिला. दिशा बसल्या जागी सांगता येतात. खड्डा खणायला घाम लागतो.

तरी वराहमिहिराची पाण्याची परीक्षा हट्ट्याच्या काळीत करायची तर गंमत होते. वैशाखात खड्डा भरा: शंभर पावलं कशाला, दहा पावलं जाऊन वळलात तर पाणी भेगांतून पसार. जमीन वाईट! तोच खड्डा श्रावणात भरा: शंभर पावलं चाला, जेवून या, झोपून या, पाणी जागेवर. जमीन उत्तम! एकच जमीन, दोन महिने, दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. मुरमाला एकदा विचारलं की भागतं. काळीला मात्र दोनदा विचारावं लागतं, एकदा कोरडी असताना आणि एकदा ओली असताना. ज्यांनी एकदाच विचारलं त्यांची घरं सहा महिने सुखात असतात.

यावर उपाय नाहीत असं नाही. काळी उथळ असेल तर ती पूर्ण काढून पाया मुरमावर टेकवावा, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय. हट्ट्यात जुनी दगडी बारव आहे. बारवा बांधणाऱ्यांना खोल जाण्याचा कंटाळा नव्हता, म्हणून त्यांच्या पायऱ्या शतकानुशतकं ओळीत राहिल्या; आपलं कंपाउंड दहा वर्षांत रस्त्याकडे झुकून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायला लागतं. काळी खोल असेल तर पायाखाली न फुगणाऱ्या मातीचा, म्हणजे आपल्याकडे चांगल्या चिकट मुरमाचा, थर देऊन तो थराथरानं पाणी मारून धुमसून घ्यावा लागतो. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या थरावर आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि काळ्या मातीतून जाणाऱ्या कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यासारख्या कामांत तो वापरला गेला. नुसती वाळू भरली तर उलट पाणी साठायला जागा होते, हे मिस्तरीला पटवायला मात्र आणखी एक आयुष्य लागेल. फारच खोल काळी असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं रुळवलेले, बुडाशी कंदासारखे फुगीर केलेले पाईल घालतात. ते साडेतीन मीटर किंवा त्याहून खाली जातात, जिथं ऋतू बदलल्याची बातमी मातीपर्यंत पोचत नाही. वरचा बीमही जमिनीला टेकवत नाहीत. चार बोटं जागा सोडतात, म्हणजे माती फुगली तर तिला फुगायला वाव.

आणि काहीच करायचं नसेल तर निदान घराभोवती चार-पाच फूट रुंदीची उताराची फरशी करावी, पन्हाळीचं पाणी पायाशी सोडू नये, मोठी झाडं भिंतीपासून लांब लावावीत. एवढ्यानंही निम्मी भांडणं मिटतात, भिंतीतली आणि घरातली.

घरापेक्षा नाजूक विषय सेप्टिक टाकीचा. चारचौघांत त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मग तो स्वतःच चारचौघांत येतो. टाकी म्हणजे सगळं गायब करणारी विहीर, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात टाकीत गाळ तेवढा बसतो. वरचं पाणी रोज बाहेर यायचंच. ते शोषखड्ड्यानं प्यायचं असतं. आणि ओली काळी पीत नाही. उन्हाळ्यात बांधलेला शोषखड्डा भेगांच्या जिवावर घटाघटा पाणी ओढतो, मालक खूश. श्रावणात भेगा मिटतात आणि खड्डा तोंड मिटतो. मग अंगणात हिरवळ येते, ती कशावर आली हे पाहुण्यांना सांगता येत नाही.

याचीही परीक्षा आहे, आणि ती वराहमिहिराच्या बरोबर उलट. खड्डा खणायचा, रात्रभर पाणी घालून माती तृप्त करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून घड्याळ लावायचं. पाणी एक इंच उतरायला अर्ध्या तासाच्या आत लागलं तर शोषखड्डा चालेल. तासाच्या वर लागलं तर तिथं शोषखड्ड्याचा नाद सोडायचा आणि दुसरी व्यवस्था करायची. रात्रभर पाणी पाजणं यातच सगळी मेख आहे. तहानलेल्या काळीनं पहिला तांब्या प्यायला म्हणजे ती रोज पिईल असं नव्हे. दोन खड्ड्यांचं शौचालय काळीत करायचं तर खड्डा मोठा घ्यावा आणि जाळीदार वीटकामाच्या बाहेरून फूटभर वाळू-खडीचं आवरण द्यावं, नाहीतर फुगलेली काळी विटांच्या जाळीवर चालून येते.

सांडपाण्याच्या बाबतीत शेजारच्या नांदेड जिल्ह्यानं चांगला धडा घालून दिला. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि त्यांबरोबर डास हटवले, आणि ती रीत गावोगाव गेली. पण रीत उचलताना माप तेवढं उचलून चालत नाही. आपल्याकडे मुरूम किती खाली आहे ते पाहावं लागतं. आता दुसरं टोक. मुरूम आणि फुटीर पाषाण लागला की पाणी झपाट्यानं जातं, आणि माणूस विचारत नाही की कुठं जातं. ते शेजाऱ्याच्या विहिरीत जातं. काही हुशार लोक कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये सेप्टिकचा पाईप सोडतात. याला हुशारी म्हणायचं नसतं. ज्या पाण्यासाठी सगळं गाव तीनशे फूट खाली गेलं, त्यातच ते मिसळायचं, आणि वर कावीळ आली की हवामानाला दोष द्यायचा.

राहता राहिली बाग. काळी म्हणजे सोनं, काहीही लावा, असं समजून लोक अंगणात नर्सरीतून आणलेला गुलाब लावतात. गुलाबाची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मालक पाणी वाढवतो, मग खत वाढवतो, मग नर्सरीवाल्याला शिव्या देतो. खाली चुनखडी असते. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत ते मुळाला उचलता येत नाही. हिराकसाची हलकी फवारणी, शेणखत आणि पाण्याला आवर, एवढ्यानं रोपटं सावरतं. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हळदसुद्धा पाणी साठलं की कंदकुजीनं जाते. म्हणून चांगला शेतकरी निचऱ्याचं रान निवडतो आणि गादीवाफ्यावर लावतो. कसदार जमिनीतही पिकाला पाय कोरडे लागतात.

माती तपासणीलाही रीत आहे. नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याच्या जागेचा घ्यायचा नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, कडेची माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. आणि ती खताच्या रिकाम्या पिशवीत भरायची नाही. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आहे. पत्रिका म्हटल्यावर लोक गुण जुळवतील असं वाटलं होतं. बहुतेकांनी ती घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवली आहे.

तेव्हा घर काढणाऱ्यांना एवढंच सांगणं. प्लॉटचा इसार देण्याआधी तिथं मुरूम लागेपर्यंत एक खड्डा घ्या. तो वैशाखात पाहा, श्रावणात पाहा, त्यात पाणी भरून घड्याळ लावा. गावात कुणी विहिरी खोदलेला म्हातारा असेल तर त्याला चहाला बोलवा. खड्ड्याला एका दिवसाची मजुरी लागते, भेग बुजवायला दर वर्षीची. मुहूर्त त्यानंतर काढा, भटजी थांबतात.